वारा वळेपर्यंत

आधी शांतता मोजायची असते.
विमान नंतर.
म्हणून चौदा रात्री मी माडबावच्या सड्यावर
तिकाटण्यावर यंत्र लावून बसले.
कातळ दिवसभराचं ऊन हळूहळू सोडत होता
आणि आकडा एकतीसच्या खाली उतरत नव्हता.

एकतीस डेसिबल. अहवालात एका ओळीचं काम.
मी लिहिलं, लाटा. रातकिडे.
मग हात थांबेना.
परकारांच्या विहिरीचा रहाट, पहाटे चारचा.
सुरूच्या शेंड्यावर समुद्रगरुडाचं भुकेलं पिल्लू.
बायजा खवणेकरणीचा खोकला,
जो कुठल्याच तक्त्यात बसत नाही,
पण तिच्या पडवीपासून धावपट्टीचं टोक
चारशे मीटर.

धावपट्टी तशी लहान.
नऊ माणसांचं विमान, दिवसाला दोन फेऱ्या.
गावानेच मागितलेलं,
गावानेच दिलेला कातळ,
श्रावणात फुलांचा, एरवी क्रिकेटचा.

सभा शाळेत झाली.
मी नकाशावर आवाज काढून दाखवला,
लांबट, पिवळा, चोखून टाकलेल्या बाठ्यासारखा,
निम्मा देवळाच्या वाडीवर.
"हो फिरवा बघू," सरपंचबाई म्हणाल्या,
पंगतीत ताट फिरवायला सांगावं तशा.
पट्टी अकरा अंश फिरवली.
उड्डाणं सगळी दर्याच्या अंगाने धरली.
बाठा घरांवरून घसरला
आणि पाण्यात पडला.
टाळ्या झाल्या.
पाण्यावर कोण राहतंय?

मागच्या बाकावरून अनंत जुवाटकर उठला.
"मी," म्हणाला.

पहाटे तो होडी थांबवतो,
वल्हं पाण्यात उभं सोडतो,
दांडा कानाला लावतो.
"ढोमा बोलता. घोळ बोलता.
खंयच्या अंगाक असा, ता वल्ह्यातसून कळता."
कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, आता मशीन मिळतं त्याला.
"मशीन दाखयता," तो म्हणाला,
आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या होडीत.
दांड्याला कान लावला.
आधी माझंच रक्त ऐकू आलं.
मग फार खालून,
बंद दारामागे कुणी कुळीथ भरडावेत
तसं काहीतरी.
यंत्र मी किनाऱ्यावरच ठेवलं होतं.

परतताना पाठीवर नाही, तोंडावर वारा.
"मतलई," तो म्हणाला. जमिनीकडून येणारी.
विमान वाऱ्याला तोंड देऊनच उठतं,
म्हणजे सकाळी, अंश कितीही फिरवा,
ते बायजाच्या कौलांवरूनच जाणार.
हे मला आकड्यांत ठाऊक होतं.
अंगाला आत्ता लागलं.
"अकराच्या सुमाराक वारो वळता," तो म्हणाला.
"तवसर रवा."

एवढंच मग वेळापत्रकात घातलं,
खारा वारा सुटेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.
कंपनीचा माणूस विचारत राहिला,
म्हणजे नक्की किती वाजता?
त्याला कुणी उत्तर दिलं नाही,
सगळे खिडकीतून माडांकडे बघत होते.

मग रुखसाना परकार म्हणाली, "आणि आजाऱ्याचं विमान?
ते काय वारा बघून येणार?"

तिचा नवरा गेल्या मे महिन्यात
घाटात, गाडीतच.

बराच वेळ पंखाच तेवढा वाजत राहिला.
मग बायजा खोकली. म्हणाली,
"ता येवंदे, रात्रीचा सुदा.
जाग इली तर उठान बसू.
कोणाचा काय झाला, ता तरी कळतला."

अंतिम नकाशा गेला आहे.
समुद्राचा भाग पांढरा, आकड्यांशिवाय,
त्यात पेन्सिलीने एक उभी रेघ, टोकाला जराशी रुंद.
कार्यालयातून पत्र आलंय,
खुणेचा अर्थ स्पष्ट करावा.

उत्तर अजून पाठवलेलं नाही.